डावं केसभर खाली

“डावं खाली. केसभर.”

शिडीकाकांनी डाव्या हुकाचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला.

“केसभर म्हटलं मी. तुम्ही तर दोरभर केलंत.”

काकांनी पाव वेढा उलटा फिरवला आणि शिडीच्या सातव्या पायरीवर, गाल भिंतीला टेकवून, पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. तिथून त्यांना दिसत होती ती चित्राची पाठ, दोन तारा, भिंतीचा चुना आणि स्वतःच्या नाकाचा शेंडा. चित्र कसलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते जड होतं आणि त्याची मागची एक पट्टी सैल होती, एवढं मात्र ते झोपेतही सांगू शकले असते.

खाली, भिंतीपासून बरोबर दहा पावलांवर, काकू एक डोळा मिटून, मान वर करून उभ्या होत्या. हात कमरेवर. त्यांच्या आणि भिंतीच्या मधून कोणी गेलं तर त्या त्याला हाताने बाजूला सारत, मग तो गॅलरीचा साहेब का असेना.

“बस,” काकू म्हणाल्या.

काकांनी स्क्रू आवळला आणि खाली उतरले. एकतीस वर्षं असंच चाललं होतं. गावातली मंडळी त्यांना शिडीकाका म्हणत आणि बायकोला नुसतंच काकू. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्यामुळे संसार आधी की शिडी आधी असा प्रश्न आलाच, तर संसार तीन वर्षांनी थोरला होता.

आता, चित्र टांगायला दोन माणसं आणि एवढं केसभर-दोरभर कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण जमिनीत होतं. ही गॅलरी पूर्वी बर्फाचा कारखाना होती. पहाटे समुद्रावर निघणाऱ्या होड्या इथून बर्फाच्या लाद्या भरून नेत. वितळलेलं पाणी आपलं आपण समुद्राकडच्या दाराने निघून जावं म्हणून बांधणाऱ्यांनी फरशीला उतार दिला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला वीतभर. छताच्या तुळयाही त्याच ओळीत घातल्या होत्या. कारखाना बंद पडला, होड्यांनी दुसरीकडून बर्फ घेतला, आणि नगरपालिकेने इथे भिंती पांढऱ्या करून, दिवे लावून चित्रं मांडली. फरशीला मात्र कोणी हात लावला नाही. दगडी होती, भक्कम होती, आणि ती बदलायची म्हणजे हत्ती विकत घेण्यातला प्रकार होता.

झालं काय, की पाणसळ लावून, बुडबुडा अगदी मध्यावर आणून टांगलेलं चित्र इथे समुद्राच्या विरुद्ध दिशेला घसरल्यासारखं दिसे. बरं, फरशीच्या ओळीने टांगावं, तर ते समुद्राकडे निघाल्यासारखं वाटे. काकूंनी पहिल्याच वर्षी यातून मधली वाट काढली. जमिनीलाही राग नको आणि पाणसळीलाही नको. पण ही मधली वाट दर चित्रागणिक बदलायची. मोठ्या चित्राला वेगळी, लहानाला वेगळी, दाराशेजारच्याला वेगळी, आणि दोन भांडखोर रंगांची चित्रं शेजारी आली तर आणखी वेगळी. याचं कोष्टक कुठे लिहिलेलं नव्हतं. ते काकूंच्या उजव्या डोळ्यात होतं.

म्हणजे एकतीस वर्षं या गॅलरीतलं एकूण एक चित्र थोडंसं वाकडं होतं, आणि ‘इथली चित्रं किती सरळ टांगलेली असतात’ म्हणून लोक कौतुक करत होते. हे गुपित नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

नव्या मॅडमनी विचारलं.

जुने साहेब निवृत्त होऊन या मॅडम आल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. चाळिशीच्या आतल्या, भराभर चालणाऱ्या, भराभर हसणाऱ्या. केसांचा बुचडा बांधून त्यात पेन्सिल खोचायची सवय, आणि मग दिवसभर तीच पेन्सिल शोधत फिरायची दुसरी सवय. त्या दिवशी त्या एक डबी घेऊन आल्या. तीन पायांवर ती उभी केली, बटण दाबलं, आणि समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लालभडक रेघ उमटली.

“लेझर आहे, काका. केसाच्या दहाव्या हिश्शाचीही चूक करत नाही.”

मग मॅडमची नजर रेघेवर गेली आणि तिथून चित्रांवर. त्या एका चित्राजवळ गेल्या, दुसऱ्याजवळ गेल्या, शेजारच्या दालनात डबी नेऊन तिथलीही सगळी बघून आल्या. परत आल्या तेव्हा हसू जरा मावळलं होतं.

“काका, ही सगळीच वाकडी आहेत.”

“सगळीच,” काका छाती पुढे काढून म्हणाले. “आणि प्रत्येकाचं माप निराळं.”

काकांनी मग उताराची सगळी कहाणी सांगितली. मॅडमनी ती मन लावून ऐकली.

“रागावू नका हं,” त्या म्हणाल्या, “पण याला नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात.”

“अंगण वाकडंच आहे, मॅडम.”

काकांनी आदराने हात पुढे करून मॅडमच्या बुचड्यातली पेन्सिल मागून घेतली आणि फरशीवर आडवी ठेवली. पेन्सिल क्षणभर थबकली, मग निघाली. पहिल्यांदा बेतात, मग जोरात. मॅडम तिच्यामागे धावल्या. समुद्राकडच्या दाराशी त्यांनी तिला गाठलं आणि तिथेच उकिडव्या बसून त्या खो खो हसल्या. काकूही हसल्या. बाई वाईट नव्हती, हे काकांनाही मान्य करावं लागलं.

पण निर्णय निर्णयच होता. पुढच्या महिन्याच्या प्रदर्शनात बाहेरगावाहून मोठी मोठी चित्रं यायची होती. त्या चित्रांच्या मालकांचा माणूस पाणसळ घेऊन येणार आणि कागदावर शून्य लिहिलं नाही तर सही करणार नाही. तेव्हा यापुढे चित्रं लेझरच्या रेघेवर लागतील. काका वर, डबी खाली.

“आणि काकूंची मान बघा ना,” मॅडम मनापासून म्हणाल्या. “किती वर्षं ताणायची त्यांनी? त्यांचं निवृत्तीचं वय होऊन दोन वर्षं झाली. साहेबांनी कागद नुसता पुढे ढकललाय. काकू, तुम्ही आता आराम करा.”

काकांनी बायकोकडे बघितलं. ती आता काहीतरी सुनावणार याची त्यांना खात्री होती. भाजीवाल्यापासून महापौरांपर्यंत कोणाला तिने सोडलं नव्हतं.

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

ते ‘बरं’ काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

पुढचे पंधरा दिवस काकांनी बायकोचं दुःख डोळ्यांत तेल घालून बघितलं. दुःख खूप होतं. ती ते फार लपवत होती. सकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू यायचं. काका चादरीत तोंड खुपसून म्हणायचे, बघा, किती आव आणतेय. ती दोन चपात्यांच्या जागी तीन खायला लागली. आतून पोखरलं की माणूस असंच खातं, काकांनी ऐकलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास ती केस नीट विंचरून, ठेवणीतल्या चपला घालून बाहेर पडायची, असं शेजारीण सांगायची. संध्याकाळी काकांनी विचारलं की म्हणायची, “बहिणीकडे जाऊन आले जरा.” बहिणीपाशी मन मोकळं करत असणार, दुसरं काय. रडत असणार. घरी नवऱ्यासमोर रडायला तिला अभिमान आडवा येत असणार.

एकदा ते न राहवून म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“काय?”

“काही नाही.”

“मीठ द्या इकडे,” काकू म्हणाल्या.

इकडे गॅलरीत पुढचं मोठं दालन प्रदर्शनासाठी बंद केलं होतं. आत काका, शिडी आणि डबी. सामान उतरवायला दोन माणसं सकाळी येऊन जायची. नंतर दिवसभर काका एकटे. लेझरबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. रेघ हलायची नाही, खोकायची नाही, मध्येच ‘थांबा, गॅसवर दूध ठेवून आले की काय मी’ असं म्हणायची नाही. काका चढायचे, रेघेवर कड बसवायचे, उतरायचे. काम निम्म्या वेळात व्हायचं. उरलेला अर्धा वेळ काय करायचं हे मात्र त्यांना सुचत नसे. दोनतीनदा तर स्क्रू हातात धरून, गाल भिंतीला लावून ते नुसतेच थांबून राहिले, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की खालून कोणी काही बोलणार नाहीये. त्या वेळी त्यांना रडू आलं होतं. चुना डोळ्यात गेला असेल म्हणून त्यांनी तो विषय स्वतःशीच मिटवला.

पण मनात त्यांनी ठरवलं होतं. बायकोचा मान तिला परत मिळवून द्यायचा. त्यासाठी भांडायचं नाही, वाकड्यात शिरायचं नाही. सरळ वागायचं. अगदी सरळ.

सोळाव्या दिवशी त्यांनी मॅडमना दालन बघायला बोलावलं. चोवीस चित्रं, चोवीसही शून्यावर. डबी लावून बघा, पाणसळ लावून बघा.

मॅडम दारातून आत आल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. मान जरा डावीकडे झुकवली. मग सगळं अंगच जरा डावीकडे झुकवलं. आणखी चार पावलं टाकली आणि भिंतीला हात टेकला.

“काका, मला चक्कर येतेय का?”

“मला नाही सांगता येणार, मॅडम.”

तेवढ्यात बंदरावरचे निवृत्त कप्तान, जे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला गॅलरीत यायचे, दार उघडं बघून आत डोकावले. चाळीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. त्यांनी एकदा डावीकडची रांग बघितली, एकदा उजवीकडची, पाय फाकवून घट्ट उभे राहिले आणि म्हणाले, “बोट उलटतेय की काय तुमची?”

झालं. मॅडम मटकन स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या की पेन्सिल निसटून खाली पडली आणि आपल्या नेहमीच्या वाटेने निघाली. या खेपेला तिच्यामागे कोणी धावलं नाही.

“हरले मी,” मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. “हातच्या काकणाला आरसा कशाला! मालकांच्या माणसाचं मी बघते. कागदावर काय लिहायचं ते मी लिहीन. काका, काकू यायला तयार होतील का हो? विचाराल त्यांना?”

“विचारायचं काय त्यात?” काका म्हणाले. “उद्या सकाळी नऊला हजर.”

घरी जाताना काकांच्या पायांना जमीन लागत नव्हती. वाटेत किनाऱ्याच्या रस्त्यावर मेव्हणी भेटली, पिशवी सावरत, धापा टाकत.

“भाऊजी, ताईला सांगा, बहीण मेली की आहे ते तरी बघून जा म्हणावं. महिना झाला, फिरकली नाही.”

काका थांबले. “महिना?”

“महिना! काल तर निरोपसुद्धा पाठवला मी.”

काका पुढे चालायला लागले, पण आता पाय जमिनीला लागत होते, जरा जास्तच. पंधरा दिवस रोज दुपारी ठेवणीतल्या चपला घालून ही बाई जाते कुठे? डॉक्टरकडे? काही दुखतंय आणि सांगत नाही? चौतीस वर्षांत तिने त्यांच्यापासून एवढंसंही लपवलं नव्हतं. लपवायला तिला जमायचंच नाही, तोंड आधीच सुटायचं. घर येईपर्यंत काकांनी तिला तीनचार आजार दिले होते आणि त्यातल्या दोनांतून वाचवताही येईना.

काकू दारातच पाय पसरून शेंगा सोलत बसल्या होत्या. चेहरा कसा, तर टवटवीत.

आधी आनंदाची बातमी द्यावी, मग विचारावं, असं काकांनी ठरवलं. त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमचं डुलणं, कप्तानांची बोट, पेन्सिल. काकू हसत होत्या, शेंगा बाजूला राहिल्या होत्या.

“आणि म्हणाल्या, हरले मी! काकूंना बोलवा! मी सांगितलं, उद्या सकाळी नऊला हजर.”

काकूंचं हसू थांबलं.

“तुम्ही हो म्हणून आलात?”

“मग काय! तुझ्याशिवाय आहे कोण?”

“मला न विचारता?”

आता मात्र काकांना राग आला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, दुसरं काय. “पंधरा दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं मला. आतल्या आत कुढत होतीस. मी एकेक चित्र शून्यावर लावलं ते कोणासाठी? आणि तू? बहिणीकडे जाते म्हणून कुठे जात होतीस? ती भेटली मला रस्त्यात. खरं सांग, डॉक्टरकडे जात होतीस ना?”

काकूंनी एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे भांड्यात न टाकता हातातच ठेवले.

“गॅलरीत,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“गॅलरीत. मागच्या दालनात. तिकीट काढून जात होते, पुढच्या दाराने. तिकिटावरच्या पोरीला सांगितलं होतं, काकांना बोललीस तर याद राख.”

काकांना काही सुधरेना. मागचं दालन म्हणजे त्यांच्या शिडीपासून एक भिंत पलीकडे. “तिथे काय करायला?”

“बघायला.”

“काय बघायला? सगळी आपणच तर टांगलीत ती.”

“हो ना,” काकू म्हणाल्या. “एकतीस वर्षं टांगली. अहो, मी त्या चित्रांच्या कडा बघितल्या. वरची कड, खालची कड, डावी, उजवी. मधे काय आहे ते कधी बघितलंच नाही. बघायला गेलं की कड सुटायची. त्या दिवशी मॅडमनी आराम करा म्हटलं ना, मी हात धुवायला गेले आणि येताना वाटेत सहज मागच्या दालनात थांबले. एक चित्र होतं. अकरा वर्षांपूर्वी मीच बस म्हटलं होतं त्याला. अर्धा तास बघत राहिले. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. अजून माझं एक दालनही पुरतं झालेलं नाही.”

काका उंबऱ्यावर बसले. शेंगांचं भांडं दोघांच्या मधे होतं.

“म्हणजे तुला दुःख झालं नव्हतं?”

“मला? मी तर देव पावला म्हटलं. मान दुखायची थांबली, झोप लागायला लागली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमचंच तोंड एवढं उतरलं होतं.”

बोलायचं होतं ते बोलायला त्यांना भांड्यातले दाणे इकडचे तिकडे करावे लागले.

“वर एकट्याला करमत नाही गं मला,” शेवटी ते म्हणाले. “तुझ्या मानासाठी भांडलो वगैरे ते सगळं झूट. खालून तुझा आवाज आला नाही की हात चालत नाहीत माझे. नुसता उभा राहतो.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही. लपवणं पंधरा दिवसांत पुरेसं झालं होतं.

“आवाज म्हणता?” त्या म्हणाल्या. “तो काय घरात कमी पडतो तुम्हाला?”

“नाही, घरात मुबलक आहे.”

दोघंही हसले. पण हसून झाल्यावर काकू म्हणाल्या, “मला बघू दे हो आता.” नेहमीच्या फर्मानाचा सूर त्यात नव्हता. त्या मागत होत्या. चौतीस वर्षांत बायकोने आपल्याकडे असं काही मागितल्याचं काकांना आठवेना.

“बघ,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला काकू गॅलरीत हजर झाल्या, कारण नवऱ्याने दिलेला शब्द होता. पण गेल्या त्या सरळ मॅडमकडे. काय बोलणं झालं ते काकांना कळलं नाही. दारातून मॅडमचं हसणं तेवढं ऐकू आलं. मग दोघी बाहेर आल्या. काकूंनी मॅडमना दंडाला धरून भिंतीपासून दहा पावलांवर उभं केलं, एक डोळा मिटायला लावला, हात कमरेवर ठेवायला लावले.

“आता सांगा त्यांना.”

“डावं खाली, काका. नाही, वर. थांबा. डावं म्हणजे तुमचं की माझं?”

“चित्राचं,” काकू म्हणाल्या.

“चित्राचं डावं कुठलं?”

“देवा,” काका सातव्या पायरीवरून म्हणाले.

दुपारपर्यंत चार चित्रं झाली. काकू तेवढ्या वेळ शेजारी उभ्या होत्या. मग ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मागच्या दालनात निघून गेल्या. उरलेली वीस लावायला मॅडम आणि काकांना पाच दिवस लागले. मॅडम केसभरला हातभर करायच्या, हातभरला विसरायच्या आणि मधेच फोन घ्यायला जायच्या. मालकांचा माणूस आला तेव्हा कागदावर ‘जमिनीच्या मानाने सरळ’ असं लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं, फरशीवरून घरंगळणारी पेन्सिल बघितली आणि निमूट सही करून गेला. शेवटच्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून मागच्या दालनातलं ते अकरा वर्षांचं चित्रही पुढे आणून दारासमोरच्या भिंतीवर लावलं. काकूंनी त्यांच्यापाशी शब्द टाकला होता, असं दिसत होतं. काकांनी ते उचललं तेव्हा हातांनी लगेच ओळखलं. हे ते जड. मागे दोन आडव्या पट्ट्या, उजवीकडचा खिळा नवा.

उद्घाटनाला काका इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या दाराने आत आले. एकतीस वर्षांत ते या दाराने आले नव्हते, त्यामुळे दार कुठल्या बाजूला उघडतं इथपासून शिकावं लागलं. आत गर्दी होती. कप्तान सगळ्यांना सांगत होते की आता बोट पाण्यावर बसली. मॅडम पाहुण्यांच्या घोळक्यात उभ्या होत्या आणि तिथूनच त्यांनी काकांना हात केला.

काकूंनी नवऱ्याचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत त्यांना त्या चित्रासमोर नेऊन उभं केलं.

“हे,” त्या म्हणाल्या.

काकांनी बघितलं. उजवी बाजू खाली होती. केसभर नाही, दोरभर नाही, चांगली बोटभर. मॅडमच्या ‘बस’वर विसंबून आपण स्क्रू आवळला होता, हे त्यांना आठवलं. त्यांचे कान तापले. शिडी आणायला दोन मिनिटं, स्क्रूला एक. त्यांनी चोरून बायकोकडे बघितलं. दहा पावलांवरून केसभर हेरणारी बाई चार पावलांवर उभी होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिचं कडेकडे लक्ष नव्हतं. हात कमरेवर नव्हते, नुसते खाली सोडलेले होते. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे काकांनी शिडीवरून कधी बघितलं नव्हतं. बघायला त्या वेळी मान वळवावी लागली असती.

“ओहोटी आहे बघा,” काकू हलक्या आवाजात सांगत होत्या. “सगळा चिखल, सगळा करडा. मला आधी वाटलं, यात काहीच नाही. मग तिसऱ्या दिवशी ती बाई दिसली. अगदी लांब आहे. हातात बादली आहे तिच्या.”

काकांनी हात पाठीमागे बांधले, घट्ट.

“कुठे?” ते म्हणाले. “मला दाखव.”